माशी कोणती, ते आधी लिहा

७० टक्के अल्कोहोलच्या कुपीत टाकायची चिठ्ठी शिसपेन्सिलीनं लिहावी लागते. बॉलपेनची शाई विरघळते आणि काही दिवसांत कागद कोरा होतो. मधमाशांवरचे माइट, म्हणजे गोचिडीसारखे बारीक परजीवी, ओळखण्याच्या कामात मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. गाव, तारीख, समुद्रसपाटीपासूनची उंची हे चिठ्ठीवर सगळेच लिहितात. पण माइट कुठल्या माशीवर सापडला, माशीच्या अंगावर होता की टोपण घातलेल्या घरात, ते घर कामकरी माशीचं होतं की नराचं, आणि आत माइटची पिल्लं होती का, एवढं लिहिलेलं नसेल तर कुपीतला नमुना फारसा कामाचा राहत नाही. हे मला कुणी सांगितलं नाही. ते एकेक वसाहत उघडताना समजत गेलं.

या कामासाठी चार माशांच्या मागे फिरावं लागतं. महाबळेश्वर-जावळीच्या डोंगरात पेट्यांतून पाळलेली सातेरी. धरणाच्या भिंतीला, पाण्याच्या टाकीला, उंच वडा-पिंपळाला लटकणारी आग्या. बोरी-बाभळीच्या फांदीभोवती तळहाताएवढं एकच पोळं बांधणारी फुलोरी. आणि सूर्यफूल, डाळिंब, कांद्याचं बीजोत्पादन यांच्या हंगामानुसार ट्रकमधून फिरणाऱ्या पेट्यांतली मेलिफेरा. पहिल्या तिघी इथल्याच. मेलिफेरा युरोप-आफ्रिकेकडची. भारतात ती नीट रुजली ती १९६० च्या दशकात, कांगडा खोऱ्यातल्या नगरोट्याला, पंजाब कृषी विद्यापीठातल्या प्रा. अटवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटपटीमुळे. तिथून ती मैदानात उतरली आणि सूर्यफुलाच्या मागोमाग आमच्याकडे आली.

कुठेही गेले तरी पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, ही गोचीड आली कुठून?" सातेरीवाले म्हणतात, मेलिफेराच्या ट्रकांनी ही पीडा डोंगरात आणली. मेलिफेरावाले म्हणतात, इथल्या रानमाशांनी आमच्या चांगल्या पेट्या नासवल्या. मी दोघांनाही विचारते, कुठली गोचीड? दाखवा. कारण मधपाळ ज्याला सरसकट गोचीड म्हणतात त्यात निदान तीन वेगळे परजीवी असतात, आणि प्रत्येकाची मूळ माशी वेगळी.

व्हरोआ ओळखायला सगळ्यांत सोपा. तांबूस-तपकिरी, चपटा, दीड मिलिमीटरच्या आसपास रुंद आणि लांबीला त्याहून कमी. चालतो तोही खेकड्यासारखा दिसतो. त्याची मूळ माशी सातेरी आणि तिच्या आशियातल्या बहिणी. ट्रोपिलेलॅप्स त्याहून लहान, लांबट, एक मिलिमीटरलाही थोडा कमी पडणारा. टोपण उघडलं की इतक्या वेगानं पळतो की नवखा माणूस त्याला बघण्याआधी तो शेजारच्या घरात शिरलेला असतो. त्याची मूळ माशी आग्या. तिसरा युव्हरोआ, फुलोरीचा. खाली रुंद, वर निमुळता आणि मागच्या कडेला लांब केसांची झालर. १९७४ साली शास्त्राला त्याची पहिली ओळख झाली ती भारतातल्या फुलोरीवरच्या नमुन्यांवरून. तो फुलोरीच्या नरांच्या घरात वाढतो, आणि नर नसतील त्या महिन्यांत माद्या कामकरी माशांच्या अंगावर तग धरून राहतात. फुलोरी पाळायचा कुणी धंदा करत नाही, म्हणून त्याच्याबद्दल कुणी मला विचारतही नाही. पण मला तो फार मोलाचा वाटतो. माशी आणि तिचा परजीवी एकमेकांना ओळखून वर्षानुवर्षं नांदतात म्हणजे काय, ते एका फांदीवरच्या लहानशा पोळ्यात दिसतं.

सातेरीतला व्हरोआ मी नीट पाहिला तो जावळीकडच्या एका गावात. तिथल्या आप्पांच्या पेट्या घरामागच्या उतारावर, हिरड्याच्या सावलीत असत. जांभूळ, पिसा, गेळा, हिरडा यांचा मध ते जिभेवर ठेवून ओळखत, पण सूक्ष्मदर्शकात डोकावण्याची त्यांची पहिलीच वेळ होती. वसाहती फुटायचे दिवस होते, म्हणजे नर भरपूर. आप्पा हवालदिल झाले होते. तळपाटावर तांबड्या गोचिडी पडलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या आणि मेलिफेराच्या पेट्यांत घालायच्या औषधी पट्ट्या कुणाकडून तरी आणून ठेवल्या होत्या. "उद्या घालतो म्हणत होतो, तेवढ्यात तुम्ही आलात," ते म्हणाले.

आम्ही फ्रेम उचलल्या. सातेरीच्या नराच्या घरावर एक वेगळीच खूण असते. वरचं मेण माशा पुढे काढून टाकतात आणि खालच्या कोशाच्या टोकदार टोपणाला मधोमध एक बारीक छिद्र दिसतं. कामकरी माशीच्या घराला असं छिद्र नसतं. मी आधी कामकरी माशांची घरं उघडत गेले. एकेक टोपण सुईनं उचलायचं, कोष चिमट्यानं बाहेर काढायचा, घराच्या तळाशी आणि भिंतीवर बघायचं. काहीच नाही. पुन्हा काहीच नाही. मग नरांची घरं घेतली. तिथे मात्र व्हरोआ होता. आई, तिच्या फिकट पिवळ्या पोरी, आणि भिंतीवर तिच्या विष्ठेचा पांढरा ठिपका. तो ठिपका दिसला की समजायचं, ही नुसती वाट चुकून आलेली नाही, ही इथे नांदते आहे.

त्याच पोळ्याच्या खालच्या कडेला काही नरघरं जुनी झाली तरी बंदच होती. छिद्रावर माशांनी मेण लिंपलं होतं. उघडून बघितलं तर आत वाळलेला नर आणि त्याच्यासोबत मेलेले व्हरोआ. एकाच घरात जास्त माद्या शिरल्या की नर इतका अशक्त होतो की त्याला टोपण फोडून बाहेर येता येत नाही. कामकरी माशा ते घर बाहेरून लिंपून टाकतात, आणि आतला परजीवी यजमानासकट तिथेच संपतो. कामकरी माशीच्या घरात शिरलेल्या मादीचं नशीब याहून वाईट. सातेरीची कामकरी अळी व्हरोआचा दंश सोसतच नाही, लवकर मरते. मेलेली अळी माशा शोधून काढतात आणि फेकून देतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे नीट मांडलं आहे. एकट्या अळीचा नाजूकपणा हाच सगळ्या वसाहतीचा बचाव ठरतो. मला शाळेपासून शिकवलं होतं की जो चिवट तो टिकतो. इथे अळी चिवट नाही म्हणून वसाहत टिकते.

आप्पांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "म्हणजे ही आधीपासूनच हाय?" आधीपासूनच. तुमच्या आज्याच्या आधीपासून. पट्ट्या घालू नका, एवढंच मी त्यांना सांगितलं. सातेरीला त्या औषधाची गरज नसते. ते मेणात साठतं, मधात उतरतं, आणि जो हिशेब माशा स्वतः चुकता करतात त्यात आपण ढवळाढवळ करतो. त्यांच्या एका पेटीत अळ्या मेलेल्या होत्या, त्याचं कारण निराळं होतं. अळी घरात ताणून पडलेली, कातडीची पिशवी झालेली आणि आत पाणी. हा थाई सॅकब्रूड नावाचा विषाणू. १९९१-९२ च्या सुमारास याच रोगानं केरळ, कर्नाटक, तमिळनाडूतल्या सातेरीच्या वसाहती जवळजवळ नामशेष केल्या होत्या. शेजारी तांबडा माइट दिसला की माणूस सगळा दोष त्याच्यावर ढकलतो, आणि खरा आजार पेटीत तसाच राहतो.

हाच व्हरोआ मेलिफेराच्या पेटीत काय करतो ते पाहिलं की दोन वेगळे प्राणी बघतो आहोत असं वाटतं. मेलिफेराच्या घरावर टोपण पडायच्या थोडं आधी मादी आत शिरते आणि अळीच्या खाली, तिच्या अन्नात दडून राहते. टोपण पडल्यावर साधारण ६० ते ७० तासांनी पहिलं अंडं, ते नराचं. मग दर ३० तासांच्या आसपास मादीचं एकेक. पोरींचं भावाशी मीलन त्याच बंद घरात होतं. कामकरी माशीचं घर १२ दिवसांच्या आसपास बंद असतं, तेवढ्यात एखाद-दुसरी पोर पक्व होऊन आईसोबत बाहेर पडते. नराचं घर आणखी दोन-तीन दिवस बंद राहतं, तिथे जास्त. सातेरीत ही वीण नरांपुरती आणि त्या मोसमापुरती मर्यादित राहते. मेलिफेराची कामकरी अळी मात्र दंश सोसते आणि जगते. राणी आपल्या हवामानात बारा महिने अंडी घालते. म्हणजे परजीवीला बारा महिने घर. सोबत पंख वेडेवाकडे करणारा विषाणू एका माशीतून दुसरीत जातो. व्हरोआ माशीचं रक्त पितो असंच कितीतरी वर्षं शिकवलं जात होतं. प्रौढ माशीच्या अंगावर असताना तो मुख्यतः तिचं मेदपिंड खातो, हे सॅम्युएल रॅमसे आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं. मेदपिंड म्हणजे माशीची साठवणही आणि रोगाशी लढायची ताकदही. पेटीच्या दारापुढे चुरगळलेल्या पंखांच्या, उडू न शकणाऱ्या कोवळ्या माशा सरपटताना दिसल्या की मला आत बघायचीही गरज वाटत नाही. तरी मी बघते, कारण चिठ्ठीवर लिहायचं असतं.

अंगावर सापडणं आणि नांदणं यांतला हा फरक मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही उशिरा उमगला. १९०४ साली ओडेमान्स यांनी जावातल्या सातेरीच्या बहिणीवरून आलेल्या माइटचं वर्णन केलं आणि नाव दिलं व्हरोआ जेकबसोनी. पुढे रशियाच्या अतिपूर्वेकडे आणि जपानात माणसांनी नेलेली मेलिफेरा तिथल्या सातेरीच्या शेजारी आली, व्हरोआ तिच्यावर चढला, आणि मग पेट्या, राण्या, आगगाड्या, जहाजं यांच्यासोबत सगळ्या जगात पसरला. १९८७ मध्ये अमेरिका, १९९२ मध्ये इंग्लंड, २००० मध्ये न्यूझीलंड. जिथे जिथे गेला तिथे लोकांनी त्याला जेकबसोनी म्हटलं. हजारो निबंध त्या नावानं छापले गेले.

गुंता सुटायला सुरुवात झाली पापुआ न्यू गिनीत. तिथे ऑस्ट्रेलियाचे डेनिस अँडरसन मेलिफेराच्या पेट्यांतला व्हरोआ तपासत होते. माइट होता, घरांतही शिरत होता, पण अंडी घालत नव्हता. जगभर मेलिफेराचा जीव घेणारा माइट इथे वांझ कसा? शेवटी २००० साली अँडरसन आणि ट्रूमन यांनी आनुवंशिक तपासणी करून दाखवलं की एका नावाखाली निदान दोन जाती आहेत. जावाकडचा तो जेकबसोनी. आणि जगभर मेलिफेरा मारणारा तो वेगळा, त्याला नाव दिलं व्हरोआ डिस्ट्रक्टर. त्या एका नावाखाली त्यांना तेव्हा सापडलेले आनुवंशिक प्रकार १८. त्यांपैकी मेलिफेरावर नांदू शकणारे अवघे दोन, एक कोरियाचा, एक जपानचा. बाकीचे सगळे आपापल्या मूळ माशीवर, तिच्या नरांच्या घरात, आपापल्या जागी होते.

मी हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा उठून कपाटातल्या कुप्या काढल्या होत्या. ज्यांच्या चिठ्ठीवर 'व्हरोआ जेकबसोनी' एवढंच लिहिलं होतं त्यांचा अर्थ लागेना. ज्यांच्यावर 'सातेरी, नराचं बंद घर, पिल्लांसह' असं लिहिलं होतं त्या नावं बदलल्यावरही तेवढ्याच खऱ्या होत्या. नाव माणूस देतो आणि माणूस बदलतो. कुठल्या माशीच्या कुठल्या घरात तो वाढत होता, ही नोंद बदलत नाही.

आणि पापुआ न्यू गिनीची गोष्ट तिथे संपलीही नाही. २००८ मध्ये तिथल्याच मेलिफेराच्या पेट्यांत जेकबसोनी अंडी घालताना सापडला. दोन दशकांहून अधिक काळ शेजारी राहून, रिकाम्या हातानं घरात शिरत-निघत, अखेर त्यातल्या काहींना ती माशी पचली. म्हणून जेव्हा कुणी मला म्हणतं की अमुक माइट अमुक माशीला लागतच नाही, तेव्हा मी एवढंच म्हणते, आजपर्यंत लागला नाही. ऑस्ट्रेलियानं बंदरांवर पाळतीच्या पेट्या ठेवल्या होत्या त्या व्हरोआ येईल या काळजीनं. जून २०२२ मध्ये न्यूकॅसल बंदराच्या अशाच पेट्यांत डिस्ट्रक्टर सापडला. हजारो पेट्या मारून त्यांनी तो हुसकायचा प्रयत्न केला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये आता त्याच्यासोबतच राहायचं असं ठरवावं लागलं.

ट्रोपिलेलॅप्सची कथाही अशीच. १९६१ साली फिलिपिन्समधून मर्सिडीज डेल्फिनाडो आणि बेकर यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. नमुने कशावरचे? पेटीपाशी मेलेल्या मेलिफेरा माशा आणि शेतातले उंदीर! चिठ्ठीवर यजमान म्हणून उंदीर. नंतर उलगडलं की घर आग्याचं, मेलिफेरा नवी बळी, आणि उंदीर बिचारा बहुधा पेट्यांच्या आसपास फिरणारा. २००७ मध्ये अँडरसन आणि मॉर्गन यांनी यातही वेगळ्या जाती दाखवल्या. आपल्याकडे मेलिफेराच्या पेट्यांत जो सापडतो त्या जातीला त्यांनी डेल्फिनाडोबाईंच्या सन्मानार्थ मर्सिडेसी असं नाव दिलं.

उंदराची गोष्ट मी मधपाळांच्या शिबिरात आवर्जून सांगते, कारण अशी गल्लत आपल्याकडेही सारखी होते. दरवर्षी कुणीतरी घाबऱ्याघाबऱ्या काड्यापेटीत माशी घेऊन येतं. पाठीला, पोटाला फिकट रंगाचे बारीक माइट दाटीनं चिकटलेले. "ताई, एका माशीवर एवढे! वसाहत गेली ना?" ते फुलातले माइट असतात. परागकण खातात, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जायला माशीची सवारी घेतात. माशीला त्यांचा दंश नाही. त्यांच्यावर औषध मारणं म्हणजे चांगल्या पेटीत विनाकारण विष घालणं.

आता आग्याबद्दल. माझ्या मनाला सगळ्यांत जास्त लागलेला प्रसंग तिच्याशी बांधलेला आहे.

मराठवाड्यात सूर्यफुलाच्या शेतांवर एका फिरत्या मधपाळानं पेट्या उतरवल्या होत्या. तरुण, कष्टाळू माणूस, कर्ज काढून पेट्या घेतलेल्या. गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीला आग्याची मोहळं ओळीनं लटकत होती. त्याच्या पेट्यांत पिलावळ ठिगळासारखी विरळ झाली होती, टोपणं खचलेली, काही कुरतडलेली. ट्रोपिलेलॅप्स होता, शंकाच नव्हती. त्यानं कुठेतरी ऐकलं होतं की हा माइट आग्याचा. ते खरंच होतं. त्यावरून त्यानं ठरवलं होतं की रात्री मशाली लावून टाकीवरची सगळी मोहळं जाळायची. माणसं सांगून ठेवली होती. "दादा, एक दिवस थांबा," मी म्हटलं. "आधी तुमच्या पेट्या नीट बघू."

आम्ही बाहेर यायच्या बेतातल्या माशांची घरं निवडली, डोळे गर्द झालेले, अंग रंगलेलं. म्हणजे टोपण पडून दहा-अकरा दिवस झालेली घरं. त्यांत ट्रोपिलेलॅप्सची आई होती आणि तिच्या पूर्ण वाढलेल्या पोरीही. ही आई टोपण पडायच्या आधीच आत शिरली असणार. मी त्याला विचारलं, "पेट्या इथे उतरवून किती दिवस झाले?" आठवडाही झाला नव्हता. तो गप्प झाला. मग म्हणाला, "म्हंजी आम्हीच घेऊन आलो?" आधीच्या मुक्कामावरून, किंवा त्याच्याही आधीच्या. शिवाय पेट्या तो एका जोडीदारासोबत मिळून चालवायचा, अशक्त पेटीला सशक्त पेटीतली पिलावळीची फ्रेम द्यायची ही त्यांची रीत. बंद घरांची फ्रेम एका पेटीतून दुसरीत गेली की तिच्यासोबत माइटही जातो. टाकीवरच्या आग्यांचा त्यात काहीच वाटा नव्हता. उलट त्याच आग्या त्या शिवारातली सूर्यफुलं फळवत होत्या.

आग्याकडे हा माइट आहेच. मेळघाटात कोरकू मध काढणाऱ्यांसोबत मी गेले आहे. संरक्षक पोशाख घालून फक्त मधाचा भाग कापायचा आणि पिलावळीचा भाग शाबूत ठेवायचा, ही पद्धत शिकलेले लोक. पोळ्याच्या कडेचा लहानसा तुकडा त्यांनी मला दिला, त्यातही ट्रोपिलेलॅप्स सापडला. आग्या नराला आणि कामकरी माशीला एकाच मापाची घरं बांधते, त्यामुळे सातेरीसारखी नरांपुरती वाटणी तिच्यात नाही. तिचा बचाव दुसरीकडे आहे. फुलोरा संपला की ती पोळं सोडून सगळी वसाहत उठून जाते. वाटेत झाडावर नुसता घोळका करून विसावते, तिथे ना पोळं ना अळ्या. ट्रोपिलेलॅप्सला प्रौढ माशीच्या अंगावर पोट भरता येत नाही, त्याला कोवळी पिलावळच हवी. ती नसेल तर तो काही दिवसांतच मरतो. व्हरोआ माशीच्या अंगावर कितीतरी आठवडे काढतो, हा नाही काढू शकत. आग्याच्या प्रत्येक स्थलांतरात त्याची मोठी झड होते.

मेलिफेराची पेटी आपण नेतो तेव्हा पिलावळ सोबतच जाते. माशा हलतात, पण माइटला उपासाचा एक दिवसही येत नाही. मग गंधकाची पूड फ्रेमच्या वरच्या पट्ट्यांवर टाका, हातमोजे आणि चष्मा लावून ८५ टक्के फॉर्मिक आम्लाची वाफ द्या, हे सगळं येतं. ते मी नाकारत नाही, वेळेला करावंच लागतं. शेतातल्या कोळीनाशकात बुडवलेल्या चिंध्या पेटीत टाकतात त्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. मी त्या दादाला आग्याचाच उपाय सांगितला. राणी पिंजऱ्यात ठेवा. कामकरी माशी अंड्यापासून २१ दिवसांत बाहेर येते, तेवढे दिवस नवं अंडं पडू देऊ नका, नरांची बंद घरं कापून टाका. शेवटची पिलावळ बाहेर आली की आणखी काही दिवस पेटी तशीच पिलावळीविना राहू द्या. खायला ट्रोपिलेलॅप्सकडे काही उरणार नाही. व्हरोआ यानं मरणार नाही, पण तो तेव्हा लपायला घर नसल्यानं माशांच्या अंगावर उघडा पडेल आणि ऑक्झॅलिक आम्ल त्याला नीट लागेल.

त्यानं हिशेब मांडला. तीन आठवडे अंडी बंद म्हणजे पुढच्या फुलोऱ्याला चाऱ्यासाठी जाणाऱ्या माशा कमी. त्याचं म्हणणं बरोबर होतं, यात नुकसान आहेच, आणि ते सोसायला त्याच्याकडे फार नव्हतं. आम्ही शेताच्या बांधावर बसून कॅलेंडर पाहिलं. सूर्यफूल संपून पुढचा मुक्काम सुरू व्हायच्या मध्ये एक रिकामा काळ होता. त्या वेळी साखरेच्या पाकावर पेट्या ठेवायच्याच असतात. तेव्हा निम्म्या पेट्यांत राण्या कोंडायच्या, उरलेल्या निम्म्यांत पावसाळ्यात, असं ठरलं. दोन्ही गटांच्या पेट्या एकमेकींपासून लांब ठेवायच्या, नाहीतर अशक्त पेट्यांतली लूट करायला गेलेल्या माशा माइट परत घेऊन येतील. फ्रेम बदलायच्या नाहीत, हे त्यानं स्वतःच म्हटलं. मशाली लावणाऱ्या माणसांना त्यानं फोन करून नको म्हणून सांगितलं.

राण्या कोंडलेल्या पेट्यांचे नमुने त्यानं मला पाठवले. दर पेटीतल्या अर्धा कप, म्हणजे सुमारे ३०० माशा पिठीसाखरेत घोळवून पडलेले माइट, आणि पुन्हा अंडी पडून टोपणं आल्यावर उघडलेल्या घरांतले. ट्रोपिलेलॅप्स एकाही कुपीत नव्हता, व्हरोआ थोडा होता. कुपीतली चिठ्ठी पेन्सिलीनं लिहिलेली होती: गाव, तारीख, 'मेलिफेरा, कामकरी, बंद घर', आणि खाली त्यानं आपणहून एक ओळ वाढवली होती, 'शेजारी टाकीवर आग्या, सहा मोहळं, चालू'.